आमोसच्या बाटलीवरचा शिक्का

माझा धाकटा भाऊ आमोस क्लेग याला देवाने सगळं दिलं, फक्त तोंड दिलं नाही. म्हणजे तोंड आहे, खायला-प्यायला उत्तम चालतं. पण स्वतःच्या मालाबद्दल चार चांगले शब्द बोलायची वेळ आली की ते असं मिटतं की ज्याचं नाव ते. मी त्याचा थोरला भाऊ, जेबेझ. खालच्या गिरणीत विणकाम खात्यात जॉबर. हॅगशॉ गावात मला कोण ओळखत नाही? बिघडलेला माग मी नुसता कान लावून सांगतो कुठे अडलाय ते. मी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी असाच शिकलोय, पण त्या अर्ध्या दिवसात जे शिकलो ते काही लोकांना पूर्ण दिवसातही आलं नाही. आणि आमचं घराणं म्हणाल तर क्लेग मंडळी या खोऱ्यात गिरणीच्या धुरांड्यांच्या आधीपासून आहेत.

तर आमोस. तोही आधी गिरणीतच होता. पण सुताला लावायच्या खळीची पांढरी धूळ त्याच्या छातीत बसली, खोकून खोकून अर्धा झाला, आणि त्याने माग सोडला. सोडला आणि केलं काय? आईच्या घराच्या पुढच्या खोलीत झाडपाल्याचं दुकान टाकलं. त्याला तो नाद पहिल्यापासून होता. आमच्याकडे विणकर मंडळी रविवारी दुपारी गुत्त्यावर जमतात, टेबलावर माळावरून आणलेला पाला पसरतात, आणि एकेक काडी उचलून तिचं लांबलचक लॅटिन नाव कोण बरोबर सांगतो यावर वाद घालतात. आमोस तिथे बिअरचा एक ग्लास घेऊन बसायचा आणि संध्याकाळपर्यंत तोच पुरवायचा. मी सोबत जायचो. मला पाल्यात रस नव्हता, बिअरमध्ये होता.

दुकानात त्याच्या सगळं मिळायचं. खोकल्याच्या कडू वड्या, मुळ्यांचं काळं सरबत, थंडीत गरम गरम प्यायचा काढा. माल एक नंबर. मी स्वतः त्याच्या वड्यांवर दोन हिवाळे काढलेत. पण तो विकायचा कसा ते ऐका. शनिवारी बाजारात त्याचा ठेला असायचा, मी मदतीला उभा राहायचो. एकदा कोळशाच्या गाडीवाला आला, खोकत खोकत.

"हे कशावर आहे?" त्याने वडी उचलून विचारलं.

"घशावर," आमोस म्हणाला.

"बरा होतो घसा?"

"काहींचा होतो."

"आणि बाकीच्यांचा?"

"त्यांचा नाही होत."

मी ठेल्याखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. तो म्हणाला, "जेबेझ, पाय जरा आवर." गिऱ्हाइकासमोर!

गाडीवाल्याने वड्यांची बाटली उचलली, बुचाकडून बघितली, खालून बघितली. "शिक्का कुठाय?"

"शिक्का नाही."

"मग राहू दे," असं म्हणून तो पुढच्या ठेल्यावर गेला. तिथे चकचकीत टोपीवाला एक माणूस खंजिरीच्या तालावर काळं पाणी विकत होता, आणि त्याच्या प्रत्येक बाटलीवर शिक्का होता.

आता या शिक्क्याचं जरा ऐकून घ्या, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. बाटलीच्या बुचावरून दोन्ही बाजूंनी खाली येणारी कागदाची पट्टी असते, राणीच्या सरकारची. बाटली उघडली की ती फाटते. आमच्या गावातल्या सगळ्यांना, चॅपलमधल्या म्हाताऱ्यांपासून गिरणीतल्या पोरींपर्यंत, असं वाटायचं की लंडनला कुणीतरी मोठा डॉक्टर हे औषध चाखून बघतो, मान डोलावतो आणि मग राणी शिक्का मारते. प्रत्यक्षात काय? कर! शुद्ध कर. तुम्ही बाटलीवर लिहिलंत की हे अमुक रोग बरा करतं, की सरकार म्हणतं भर कर आणि लाव पट्टी. आत काय आहे ते सरकार विचारतही नाही. आत गटारीचं पाणी असलं तरी चालेल. आणि माझ्या भावासारखा जो म्हणतो की काहींना गुण येतो, काहींना नाही, त्याला कर नाही, म्हणून पट्टीही नाही. म्हणजे जो फुशारकी मारेल त्यालाच राणीचा शिक्का! मला हे माहीत होतं, कारण मी विचारपूस करणारा माणूस आहे. आमोसलाही माहीत होतं. बाकी सगळं गाव अंधारात.

"मग लाव ना तूही," मी त्याला कितीदा म्हटलं असेल. "परवाना काढ, शिक्के आण, बाटलीवर लिही की खोकला जातो. जातोच की! माझा गेला."

"तुझा गेला. कोपऱ्यावरच्या जोसाया टेलरचा नाही गेला. तो गेला."

"तो म्हातारा होता!"

"तसं लिहू का मग? म्हातारे सोडून?"

असं बोलायचा. माणसाने भिंतीवर डोकं आपटावं.

आमची एक धाकटी बहीण आहे, हेप्सी. आम्हा दोघांच्या पाठची, बऱ्याच वर्षांनी झालेली, त्यामुळे लाडाची आणि जिभेने तिखट. चार माग एकटी चालवायची. लग्न झालं नेड शॉरॉकशी, तो बॉयलरवर कोळसा टाकायचा. त्यांना मुलगी झाली, नाव ठेवलं लेटी. आमच्याकडे बाई महिनाभर घरी बसली तरी खूप, की परत मागावर. पोरीला सांभाळायला ठेवली म्हाताऱ्या नॅन टॅटरसलकडे. गल्लीतली निम्मी बाळं नॅनकडे असायची. चुलीपुढे एका ओळीत पेट्या ठेवलेल्या, प्रत्येक पेटीत एक बाळ, आणि आवाज म्हणाल तर रिकाम्या चर्चसारखी शांतता.

एका रविवारी आम्ही सगळे हेप्सीकडे जेवायला होतो. कांदा घालून शिजवलेली वजडी होती, ओटच्या पोळ्या होत्या. नेडच्या हातून लोखंडी चिमटा फरशीवर पडला, एवढा दणका झाला की माझ्या हातातला काटा सुटला. लेटी खुर्चीवरच्या उशीवर होती. तिने पापणीही हलवली नाही.

आमोस उठला, तिच्याजवळ गेला आणि वाकून बघत बसला.

"हेप्सी, ही रडत का नाही?"

"गुणी आहे माझी लेक. तुमच्यासारखी नाही, उगाच किरकिर करणारी."

"अंगात काही राहिलं नाहीये हिच्या. तोंड बघ, म्हातारीसारखं सुरकुतलंय. आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. नॅन काय देते हिला?"

हेप्सीने फळीवरून बाटली काढून त्याच्यापुढे आपटली. "घे. मीच आणून देते नॅनला. मदर पेगीचं निजवण. सगळ्या गल्लीत हेच देतात."

आमोसने बूच काढलं, वास घेतला, बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. "वर काकवी आहे. खाली अफू."

"झालं! आलं याचं सुरू!" हेप्सीने कमरेवर हात ठेवले. "अफू औषधवाल्याकडे असते. त्याच्या बाटलीवर लाल अक्षरात विष असं लिहितात, मला वाचता येतं. ह्यावर दाखव बरं कुठे विष लिहिलंय?"

"कायद्यानं शिक्क्याच्या बाटलीवर लिहावं लागत नाही."

"का लागत नाही? कारण त्यात नसतंच! शिक्का दिसतोय ना? राणी स्वतः नऊ पोरांची आई आहे, आमोस. ती काय दुसऱ्याच्या पोरांना विष पाजेल?"

"राणीने ही बाटली डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. तो कर आहे, पोरी. तंबाखूवर असतो तसा."

"तुला शिक्का मिळत नाही म्हणून तुझं पोट दुखतंय, दुसरं काही नाही."

नेड मान खाली घालून वजडी खात राहिला. तो शहाणा माणूस आहे. मी म्हटलं, "हेप्सी, आमोस म्हणतो ते खरं आहे. मी चौकशी केलीय." तर माझ्यावर फिरली. "तू तर आपल्या मागाचीही चौकशी केली नाहीस, माझा तिसरा माग सोमवारपासून धागा तोडतोय!" आता तो धागा कच्चा होता, त्यात माझा काही दोष नव्हता, पण असो.

त्यानंतर आमोसने काय काय केलं! जो माणूस बाजारात तोंड उघडायचा नाही तो दारोदार फिरला. नॅनकडे गेला. नॅन म्हणाली, "एक पोर रडलं की सगळी रडतात. तू येतोस का सांभाळायला?" डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, त्या बाईला सांगा गिरणीत जाऊ नकोस. जणू गिरणीत जायला तिला हौस होती. चॅपलच्या पाद्रीसाहेबांकडे गेला, की रविवारी दोन शब्द बोला. त्यांच्या बैठकीत शेकोटीवरच्या फळीवर कसल्याशा टॉनिकची बाटली, शिक्क्यासकट. साहेब म्हणाले, सरकारने मान्यता दिलेल्या वस्तूवर चॅपलमधून बोलणं योग्य नाही. आमोस घरी आला, खुर्चीत बसला आणि कितीतरी वेळ बूटसुद्धा काढले नाहीत.

इकडे लेटी दिवसेंदिवस उतरत चालली होती. मी तिला उचललं तेव्हा वाटलं, सुताची रिकामी कांडी उचलली. मला पोरांची फारशी आवड नाही, माझी सहा आहेत. पण ते वजन हाताला कळलं आणि मग काही सुचेना.

मी आमोसच्या दुकानात गेलो. तो बाळंतशोपा निवडत बसला होता.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझं कुणी ऐकत नाही, कारण तुझ्या बाटलीला पट्टी नाही. मग पट्टी आण. त्या पेगीच्या बाटलीपेक्षा भारी दिसणारी बाटली कर, आत बाळंतशोपांचं पाणी भर आणि हेप्सीला दे. ती खुशीने देईल."

"आणि वर काय लिहू?"

"तेच. निजवण. दुप्पट निजवण!"

"खोटं."

"एकदाच!"

"एकदाच असं नसतं, जेबेझ. आज ती माझ्या शिक्क्यावर विश्वास ठेवेल, उद्या दुसऱ्या कुणाच्या ठेवेल. मी आयुष्यभर सांगत आलो की शिक्क्याला काही अर्थ नाही. आता मीच लावू?"

"उद्या! अरे, उद्या असायला पोरगी नको का?"

मी एवढ्या जोराने ओरडलो की शेजारणीने भिंतीवर ठोकलं. आमोसने हातातल्या शोपा परत बरणीत टाकल्या. झाकण लावलं. मग किटली उचलून चुलीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मजकूर तू सांग. मला नाही जमणार."

आता मजकूर सांगायला माझ्याइतका माणूस सगळ्या हॅगशॉत मिळाला नसता, हे मला मान्य करायलाच हवं. मी खुर्चीत बसलो, पाय ताणले आणि सांगत गेलो. क्लेगचं अस्सल दुप्पट निजवण. पोटशूळ, दात, ताप, आचके, रडं, अशक्तपणा आणि ज्यांना अजून नाव पडलेलं नाही असे सर्व रोग यांवर हुकमी. मोठ्या माणसांनी घेतल्यास केस दाट होतात.

"केस काढ," आमोस म्हणाला.

"केसांनी खप वाढतो."

"एकाच पोरीला द्यायचंय, खप कसला? केस काढ."

केस काढले. पण शेवटचं वाक्य त्याचं. ते मात्र त्याने स्वतः सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. "या औषधासोबत बाळाला दुसरं कोणतंही औषध दिल्यास याचा गुण तत्काळ नष्ट होतो." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. म्हटलं, आमोस, तू मनात आणलं असतंस तर त्या चकचकीत टोपीवाल्याला भीक मागायला लावलं असतंस!

तो म्हणाला, "एकदम बंद करून चालणार नाही. अंगात मुरलीय अफू, एकदम तोडली तर झेपणार नाही तिला. पहिल्या बाटलीत थोडं पेगीचं घालावं लागेल. पुढच्या बाटलीत त्याहून कमी." आणि माझा भाऊ, ज्याने आयुष्यात कुणाला खोटी वडी दिली नाही, तो वाण्याच्या दुकानात जाऊन मदर पेगीचं निजवण घेऊन आला. कोटाच्या आत लपवून. गल्लीतून येताना चोरासारखा दिसत होता.

परवाना काढला, शिक्के आणले, लेबल छापखान्यात छापून घेतलं, निळ्या कागदावर सोनेरी कडेचं. हेप्सीने बाटली हातात घेतली. फिरवून फिरवून बघितली.

"मिळाला शेवटी तुला शिक्का!" ती म्हणाली, आणि काय सांगू, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलंच होतं. किती वर्षं राबलास. आई असती तर!"

आमोस टोपी उचलून निघून गेला.

आठवडाभराने हेप्सी गिरणीतून तडक माझ्या घरी. आमोसही तिथेच होता, चहा पीत.

"दुप्पट निजवण म्हणे! पोरगी रात्रभर किंचाळतेय. नॅन म्हणते, हे घेऊन जा, मला पेगीचं आणून दे. घाम काय, शिंका काय, पाय काय झाडते!"

आमोसचा चेहरा पांढराफटक पडला. तो तोंड उघडणार, आणि उघडलं असतं तर सगळं खरं ओकला असता. मी मध्ये पडलो.

"अगं, तेच तर! रोग बाहेर पडतोय."

"कसला रोग?"

"आतला. पेगीच्या औषधाने दाबून ठेवला होता. हे दुप्पट आहे, म्हणून उपटून काढतंय. उपटताना पोर रडणारच. दात काढताना तू गप्प बसली होतीस का?"

हेप्सी विचारात पडली. "असं लेबलवर का नाही लिहिलं?"

"जागा पुरली नाही."

"आणि नॅन?"

"नॅनला सांग, मध्येच सोडलं तर गुण नष्ट. लेबल दाखव तिला. शिक्का दाखव."

आमोस हळूच म्हणाला, "रात्री मी येऊन बसतो हिच्यापाशी. तू झोप." आणि तो बसला खरंच, छातीत खोकला असताना. दिवसा नॅनकडे जाऊन ओळीतली ती पेटी उचलून आणायचा आणि दुकानात गल्ल्यामागे ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की पोर ओरडायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, हे कशावर? आमोस म्हणायचा, थांबा, आधी हिला घेतो. दुकानाचं त्या महिन्यात वाटोळं झालं.

मग एक दिवस मी गेलो तर लेटी पेटीत बसलेली, आमोसचा शोपा निवडायचा चमचा तोंडात घालून, आणि चिमटा पडला तर दचकत होती. मी तीनदा पाडून बघितला. तिसऱ्यांदा ती हसली. आमोस म्हणाला, "पुरे आता, फरशी फुटेल." आणि तोंड फिरवून खोकत बसला. खोकतच होता असं मी आपला समजलो.

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणेल, संपलं, सुखाचं झालं. कसलं सुख! गल्लीत बातमी पसरली की शॉरॉकची मरायला टेकलेली पोर क्लेगच्या दुप्पट निजवणाने गुटगुटीत झाली. पुढच्या शनिवारी ठेल्यापुढे ही गर्दी! त्या चकचकीत टोपीवाल्याची खंजिरी कुणी ऐकेना. गाडीवालासुद्धा आला, म्हणाला, "मला दोन दे." त्याला मूलबाळ काही नाही. मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, आज क्लेग घराण्याचं नाव होणार. गाड्यांवर रंगवलेलं दिसायला लागलं मला, मोठ्या लाल अक्षरात.

आमोस खोक्यावर चढला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि म्हणाला, "मंडळी, त्या बाटलीत बाळंतशोपांचं पाणी होतं आणि थोडी साखर, सुरुवातीला कमी कमी करत नेलेलं थोडं पेगीचं. पोर वाचली ती तुमचं निजवण बंद केल्यामुळे. तुमच्याकडचंही बंद करा, पण हळूहळू. कसं करायचं ते मी सांगतो, फुकट. शिक्का म्हणजे कर आहे. लेबल खोटं होतं."

मागून कुणीतरी हसलं. "युक्ती आहे! नुस्खा लपवतोय!"

"लपवणारच की," एक बाई म्हणाली. "एवढा मोठा गुण, कोण सांगेल?"

"मी खोटं लिहिलं होतं!" आमोस ओरडला.

"राणीचा शिक्का असलेल्या बाटलीवर खोटं? तुरुंगात टाकतील की नाही तुला? मग बाहेर कसा?" गाडीवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

हे असं. वर्षानुवर्षं खरं बोलणाऱ्या माणसाचं कुणी ऐकलं नाही, आणि एकदा खोटं बोलला तर ते सोडायला कुणी तयार नाही. तरी त्यातल्या दोन-तीन आया मागून दुकानात आल्या, हळूच, पोरं शालीत गुंडाळून. त्यांना त्याने काय ते सांगितलं. बाकीच्या पेगीकडे गेल्या. उरलेली लेबलं त्याने चुलीत टाकली. सोनेरी कडेची! मी म्हटलं, "अरे, निदान खोकल्याच्या बाटलीला तरी…" तर म्हणाला, "जेबेझ, चहा घेणार का?"

मी दोन महिने त्याच्याशी बोललो नाही. त्याला कळलंही नाही, कारण मी रोज जाऊन बसत होतोच.

हेप्सीला त्याने घरी बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू फार भिडस्त आहेस, आमोस. केलेल्या चांगल्या कामाचंही नाव नको तुला." ती रिकामी बाटली तिने शेकोटीवरच्या फळीवर मधोमध ठेवली, फाटलेल्या पट्टीसकट. पाहुणे आले की दाखवायची.

वर्षं गेली. शिक्क्यावर आता बारीक अक्षरात छापतात म्हणे, की सरकार या औषधाची हमी देत नाही. कोण वाचतंय? लेटी मोठी झाली, चार माग चालवते, आईसारखीच. माझ्याच खात्यात आहे, आणि तिचे माग चांगले चालतात कारण जॉबर चांगला आहे. लग्न झालं, मुलगा झाला. आणि गेल्या वसंतात एके दिवशी पोर काखेत घेऊन ती आमोसच्या दुकानात आली. मी तिथे होतो. आमोस आता फारसा उठत नाही, गल्ल्यामागे घोंगडी पांघरून बसतो.

"मामा, हे बघ काय आणलं याला," ती म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढली. नवीनच काहीतरी नाव, परीचं चित्र, आणि बुचावर पट्टी. "शिक्क्याचंच घेतलं हं. आई सांगते ना, मी शिक्क्यानेच वाचले."

आमोसने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. तिच्यात मला त्याचंच जुनं वाक्य ऐकू आलं, आज माझ्या शिक्क्यावर, उद्या दुसऱ्या कुणाच्या.

"उघडलीस का बाटली?" त्याने विचारलं.

"नाही अजून. नॅनच्या सुनेकडे द्यायचीय, आता तीच सांभाळते ना याला."

"उघड. बोटाला लावून चाख."

तिने चाखलं. तोंड वाकडं केलं. "गोड आहे. मग कडू लागतं."

"ते कडू तुझ्या अंगात होतं. तुझ्या आईने दिलेलं. शिक्क्याच्या बाटलीतून." आणि मग त्याने परत सगळं सांगितलं, पेटी, शोपा, रात्री, लेबल. खोकत खोकत. लेटी उभीच्या उभी ऐकत राहिली.

"मोठ्या मामा, खरं का हे?" तिने मला विचारलं.

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं. "लेबल माझं होतं. उत्तम होतं."

तिने परीची बाटली गल्ल्यावर ठेवली, आमोसकडे सरकवली. "मग मला ते दे. तुझं."

"शोपांचं पाणी? ते दे हवं तर, वात सरतो. पण रडला तर रडू दे."

"ते दे."

त्याने तिला एक साधी बाटली भरून दिली, बूच लावलं. वर काही नाही. मी मनात म्हटलं, चला, क्लेगांच्या घरात निदान एका माणसाने ऐकलं. शिकवलं की शिकतात, वेळ लागतो एवढंच.

रविवारी मी आणि आमोस हेप्सीकडे जेवायला गेलो, मी त्याला हाताला धरून नेलं. शेकोटीवरच्या फळीवर जुनी बाटली होती, पण बुचापाशी नागडी. पट्टी गेलेली. शेजारी लेटीची नवीन बाटली. आणि तिच्या बुचावर ती जुनी पट्टी, पाण्यात भिजवून काढलेली, दोन फाटके तुकडे पिठाच्या खळीने नीट जोडून चिकटवलेले.

"लेटी!" मी ओरडलो. "तुला सांगितलं ना सगळं?"

"सांगितलंत की," ती पोराला मांडीवर हलवत म्हणाली. "पण त्या नॅनच्या सुनेला कोण सांगणार? ती शिक्क्याशिवाय काही पाजत नाही. आणि मामा…" ती जरा घुटमळली. "असला तर बरंच आहे ना? काय सांगावं."

मी काहीतरी जबरदस्त बोलणार होतो. शब्द तयार होते. आमोसने माझ्या बाहीला धरून खाली बसवलं. बाटली उचलून उजेडात धरली, हलवली, परत जागेवर ठेवली.

"आत पाणी आहे ना," तो म्हणाला. "वाढ आता."